जुन्या हॉटेलांची पोस्टकार्डे

जुन्या हॉटेलांची चित्र-पोस्टकार्डे जमवताना मी चित्राआधी मागची बाजू पाहतो. अमेरिकेत १९०७ पूर्वी तेथे केवळ पत्ता लिहिण्याची मुभा असल्यामुळे मजकूर चित्राच्या कडेला दाटीवाटीने लिहिलेला आढळतो. ब्रिटनमध्ये मागच्या बाजूला पत्त्याशेजारी मजकूर लिहिण्याची मुभा १९०२ सालीच मिळाली होती.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलच्या बाबतीत चित्रही काळ सांगते. हॉटेल १९०३ साली सुरू झाले आणि गेटवे ऑफ इंडिया १९२४ साली पूर्ण झाले, त्यामुळे ज्या छायाचित्रात अपोलो बंदरावरील ती जागा मोकळी दिसते, ते निश्चितच त्याआधीचे.

मला सर्वाधिक मोलाची वाटतात ती नाहीशा झालेल्या वास्तूंची कार्डे. कैरोचे शेफर्ड्स हॉटेल जानेवारी १९५२ मधील जाळपोळीत भस्मसात झाले. फ्रँक लॉइड राइट यांनी रचलेले टोकियोचे इम्पीरियल हॉटेल १९२३ च्या भूकंपातून वाचूनही १९६८ साली पाडण्यात आले, आणि त्याचा दर्शनी भाग आज मेइजी-मुरा येथील खुल्या संग्रहालयात उभा आहे. अशी कार्डे कोरी मिळण्यापेक्षा वापरलेली मिळावीत, असे मला मनापासून वाटते, कारण आपल्या खोलीच्या खिडकीवर पाहुण्याने शाईने केलेली फुली केवळ त्यांवरच सापडते. टपालाच्या शिक्क्यावरील वर्षाला मात्र छपाईचे वर्ष समजू नये, कारण कार्ड छापल्यानंतर बऱ्याच काळाने टपालात पडलेले असू शकते.