आयतं चावलेलं

आपल्या खाण्यात फायबर, म्हणजे न पचणारा चोथा, कमी का पडतं, याचं उत्तर मला हल्ली पोटापेक्षा जबड्यात सापडतं. पाकिटातलं खाणं चावावंच लागत नाही. बिस्कीट जिभेवर विरतं, ब्रेडचा क्षणात लगदा होतो, ज्यूस तर दातांना विचारतसुद्धा नाही. सोलणं, दळणं, चाळणं, गाळणं, सगळं कारखान्यानं आधीच उरकलेलं असतं.

या आयतेपणाचं मोजमाप १९७७ साली एका प्रयोगात झालं. काही माणसांना सफरचंद तीन प्रकारे दिलं: अख्खं, लगदा करून आणि गाळलेला रस. रस अख्ख्या फळाच्या ११ पट वेगानं संपवता आला. वेगाचं ठीक आहे, पण रसानं पोटही सगळ्यात कमी भरलं. साखर तिन्हींत सारखीच होती. गेला होता तो चोथा.

गव्हाचंही तेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोलादी रोलरच्या गिरण्या आल्या आणि कोंडा, अंकुर सफाईनं वेगळे निघू लागले. अंकुरातलं तेल खवट होतं, ते काढलं की पीठ टिकतं. व्यापाराला एवढं पुरे. १०० ग्रॅम सबंध गव्हाच्या पिठात फायबर १० ग्रॅमच्या पुढेमागे, मैद्यात जेमतेम ३. कोंडा गेला गुरांपुढे. गुरांची तक्रार नसावी.

गंमत पुढेच आहे. आधी काढून घ्यायचं नि मग वर ‘भरपूर फायबर’ छापून परत घालायचं, हा उद्योग जोरात आहे. चॉकलेटच्या बारवर ती अक्षरं दिसली तर मागची बारीक यादी वाचावी; अनेकदा चिकोरीच्या मुळांतून काढलेलं इन्युलिन नावाचं फायबर सापडतं. त्यात फसवणूक नाही. मोठ्या आतड्यातले जीवाणू त्यावरही जगतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल तयार होतं, आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर पोसल्या जातात. पण अख्ख्या धान्यात नि फळात तऱ्हेतऱ्हेचे तंतू असतात, इथे एकच. शिवाय चावणं राहिलं ते राहिलंच.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम फायबर सांगते. सालीसकट सफरचंदातून चारेक ग्रॅम मिळतात, कपभर शिजवलेल्या कडधान्यातून बारा-पंधरा. हिशेब अवघड नाही. उत्साहाच्या भरात एका दिवसात मजल मारायला गेलं, तर मात्र तेच जीवाणू इतका वायू करतात की चारचौघांत बसणं मुश्कील. हळूहळू वाढवावं, सोबत पाणीही. नुसता कोंडा फाकून पाण्याचा कंटाळा करणाऱ्याची सकाळ आणखीच लांबते.