क्लाउडच्या मशीनी टेराफॉर्मवर आणल्या, माझा अनुभव

आमचं ऑफिस सांगलीत विश्रामबागला. काम म्हणजे मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या अडत्यांना बिलिंगचं सॉफ्टवेअर देणं, आणि प्रत्येकाला क्लाउडवर वेगळी मशीन, कारण आपला हिशोब दुसऱ्याच्या शेजारी ठेवलेला कुठल्याच अडत्याला चालत नाही. मशीनी सगळ्या एडब्ल्यूएसच्या, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या, मुंबई रीजनला. आधी त्यांच्या वेबसाइटवर, म्हणजे कन्सोलवर, क्लिक करून बनवायचो, मग कुणाला २० जीबी डिस्क तर कुणाला ३०, एकाचा २२ नंबरचा पोर्ट, म्हणजे लांबून मशीनमध्ये शिरायचं दार, अख्ख्या जगाला उघडा, आणि का उघडला विचारलं की सगळे एकमेकांकडे बघणार.

म्हणून टेराफॉर्म घेतलं, मशीन कशी हवी ते फाइलीत लिहिलं की क्लाउडवर तशी बनवून देणारं टूल. नवीन मशीन बनवणं काय अवघड नाही ओ, एचसीएल या त्याच्या भाषेत थोड्या ओळी लिहायच्या, मग तीन कमांड, इनिट तयारीची, प्लॅन काय बदलणार ते दाखवणारी, अप्लाय ते खरं करणारी, चहा येईपर्यंत मशीन उभी. बहुतेक व्हिडिओ इथंच संपतात. आमची गोची होती ती आधीपासून चालू असलेल्या मशीनींची, त्या टेराफॉर्मला माहीतच नसतात. १.५ व्हर्जनपासून इम्पोर्ट ब्लॉक आलाय, त्यात मशीनचा आयडी द्यायचा आणि कोड त्यालाच लिहून द्यायला सांगायचं. देतो लिहून, पण नको तितक्या सेटिंग भरतो आणि त्यातल्या काही एकमेकींशी भांडतात, त्या हाताने काढायच्या. प्लॅनमध्ये नुसतं इम्पोर्ट आणि बाकी सगळीकडे शून्य दिसत नाही तोवर अप्लाय नाही, हा नियमच केला.

आपल्या ताब्यात काय काय आहे ते टेराफॉर्म स्टेट फाइलमध्ये लिहून ठेवतो, ती म्हणजे अडत्याची खतावणी समजा, नोंद तिथं नसेल तर माल गोदामात असून टेराफॉर्मच्या लेखी नाही. आणि तिच्यात पासवर्डसुद्धा उघडे पडू शकतात, त्यामुळे कोड ठेवतो त्या गिटमध्ये टाकायची नाही. आम्ही एस-थ्री बकेटमध्ये, म्हणजे एडब्ल्यूएसच्या फाइल ठेवायच्या जागेत ठेवली, जुन्या प्रती राहाव्यात म्हणून व्हर्जनिंग चालू करून, वर लॉक लावलं म्हणजे दोघांनी एकदम अप्लाय मारलं तरी एकच पुढं जातं. १.१० पासून हे लॉक एस-थ्रीतच होतं, त्याआधी त्यासाठी डायनॅमोडीबी या एडब्ल्यूएसच्या डेटाबेसचं टेबल लागायचं.

खरा वेळ गेला प्लॅन वाचण्यात. एका अडत्याने काम बंद केलं म्हणून यादीतून मधलं नाव काढलं, तर प्लॅन काय म्हणतो, पुढच्या प्रत्येक मशीनला त्याच्या पुढच्याचं नाव लावतो आणि शेवटची उडवतो, म्हणजे चालू ग्राहकाची! यादीवरून मशीनी बनवायला आम्ही काउंट वापरलेला, तो नंबरावर चालतो ना, मधला गेला की सगळे एक घर सरकतात. तिथल्या तिथं फॉर-ईचवर गेलो, त्यात ओळख नावाने राहते, आणि जुन्या मशीनी न पाडता मूव्ह्ड ब्लॉकने स्टेटमधल्या नव्या पत्त्यावर नेल्या. दुसरी गंमत उबुंटूच्या इमेजची, म्हणजे मशीन ज्यावरून बनते त्या तयार लिनक्सच्या साच्याची, कायम लेटेस्ट घे सांगितलं की नवी इमेज आली रे आली प्लॅन चालू मशीन पाडून परत बांधायला निघतो. चालू मशीनींना इमेजमधला बदल दुर्लक्षित कर असं कोडातल्या लाइफसायकल ब्लॉकमध्ये लिहिलं. प्लॅनमध्ये उणे-अधिकची (-/+) खूण, म्हणजे पाडून परत बांधणार, दिसली की थांबायचं, पोरांना एवढंच शिकवलंय.

लायसन्सवरून कुजबुज झाली, टेराफॉर्म बनवणाऱ्या हॅशिकॉर्पने २०२३ मध्ये ते बदललं आणि त्यातून ओपनटोफू हे त्याचंच वेगळं, ओपन सोर्स रूप निघालं. आमच्यासारख्या स्वतःच्याच मशीनी बनवणाऱ्यांना त्याने काही फरक पडत नाही, म्हणून हललो नाही.

या मशीनींवर आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर आपोआप टाकायचं काम अजून राहिलंय. मशीन सुरू होताना सेटिंग करणारं क्लाउड-इनिट मुळात पहिल्या बूटसाठी, नंतरच्या अपडेटला त्याचा उपयोग नाही, म्हणून चालू मशीनींवर सॉफ्टवेअर टाकणारं अ‍ॅन्सिबल शिकायला घेतलंय. हळदीचा सीझन लागायच्या आत बसवायचंय.