दर्याई नारळ आणि समुद्राच्या तळाचे झाड

इ. स. १७६८ पूर्वी दर्याई नारळ ज्याने ज्याने पाहिला, त्याने तो लाटांवर तरंगताना किंवा वाळूत रुतलेला पाहिला. झाडाला लागलेला हा नारळ पाहिल्याची नोंद कोणीही केली नव्हती. मालदीवच्या बेटांना तो अधूनमधून लागे, क्वचित भारताच्या आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यालाही लागे. फकिरांच्या हातातला कश्कूल, म्हणजे भिक्षापात्र, किंवा एखाद्या साधूचा काळा, जड, होडीच्या आकाराचा कमंडलू ज्यांनी जवळून पाहिला असेल, त्यांना त्याची करवंटी कशी असते हे ठाऊक असेल. ती लाकडाइतकी टणक असते, घासली की काचेसारखी चकाकते आणि अखंड असेल तेव्हा तिच्या दोन फुगीर भागांमध्ये खोल खाच असते. ओळखीच्या कोणत्याही माडाला असे फळ येत नव्हते. फळ समुद्रातून येते, तेव्हा झाडही समुद्रातच असले पाहिजे, असा निष्कर्ष लोकांनी काढला. आज आपण त्याला भाबडेपणा म्हणतो, पण हाताशी असलेल्या पुराव्यावरून काढलेला तो सरळ तर्क होता, असे माझे मत आहे.

या तर्काला बाजारभावाचेही पाठबळ होते. फ्रांस्वा पिरार हा फ्रेंच खलाशी १६०२ मध्ये जहाज फुटल्यामुळे मालदीवमध्ये अडकला आणि १६०७ पर्यंत तेथेच राहिला. त्याने लिहून ठेवले आहे की किनाऱ्याला लागलेला असा नारळ राजाच्या मालकीचा असे, तो लपवणाऱ्याला शिक्षा होई आणि एखादा माणूस एकाएकी श्रीमंत झाला, तर याला नारळ सापडला असणार, असे लोक म्हणत. विषावरचा उतारा म्हणून त्याची ख्याती युरोपपर्यंत पोचली होती. पवित्र रोमन सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्या संग्रहासाठी अंटोन श्वाइनबेर्गर या कारागिराने १६०२ च्या सुमारास याच करवंटीला चांदीचा साज चढवून एक सुरई घडवली. ती आजही व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहे.

या नारळाची लेखी चर्चा आपल्याजवळ, गोव्यात, फार लवकर झाली. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्याला आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले आणि मुंबईचे बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूपी ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात त्याने मालदीवच्या नारळाविषयी ऐकलेली हकीकत दिली आहे: ही बेटे पूर्वी सलग भूमी होती, ती समुद्रात बुडाली, तिच्यावरचे माड पाण्याखाली गाडले गेले आणि त्यांचीच फळे वर येतात. विषावर तो स्वतः मात्र अधिक परिचयाच्या औषधांवर विसंबे. ऐकीव माहिती ऐकीव म्हणूनच नोंदवणारा हा माणूस मला त्या काळातल्या पुष्कळ विद्वानांहून विश्वासू वाटतो. (त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडे उकरून जाळली, तो मूळचा ज्यू होता हा त्याचा गुन्हा.)

पूर्वेकडे हीच कल्पना आणखी फुलली. आजच्या इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर राहणारा निसर्गअभ्यासक रुम्फिउस याने मलय खलाशांकडून ऐकलेली गोष्ट लिहून ठेवली आहे. तिच्यानुसार जावाच्या दक्षिणेला समुद्रात ‘पौसेंगी’ नावाचे एकच प्रचंड झाड आहे, त्याच्या भोवती पाणी असे ओढते की जवळ गेलेले जहाज परत येत नाही, आणि झाडावर गरुडाचे घरटे आहे. हा गरुड रात्री भूमीवर उडून येतो आणि हत्ती, वाघ, गेंडे उचलून नेतो. त्याच्या पिसांना घट्ट धरून बसेल त्या खलाशाचीच सुटका होते. आपल्या पुराणांतला गरुड हत्ती आणि कासव नखांत धरून उडतो, हे आठवले की ही कथा कोणकोणत्या बंदरांना लागत गेली असेल, याचा अंदाज येतो. स्वतः रुम्फिउसने गरुड बाजूला ठेवला, तरी हे फळ जमिनीवरचे नसून समुद्रातच तयार होते, हे मत सोडले नाही.

झाड प्रत्यक्षात मालदीवपासून दोन हजार किलोमीटरांहून दूर, सेशेल्समधल्या प्रालँ बेटावर उभे होते. इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीचे ‘असेन्शन’ हे जहाज १६०९ मध्ये सेशेल्सला थांबले, पण प्रालँला गेले नाही. लाझार पिको हा फ्रेंच कप्तान १७४४ मध्ये प्रालँला पोचला आणि माडांची दाटी पाहून त्याने त्याला ‘पाम बेट’ असे नावही दिले, परंतु जगाला हवे असलेले झाड ते हेच, हे त्याच्या लक्षात आले नाही. ते लक्षात यायला १७६८ उजाडले. मारियों द्युफ्रेन या फ्रेंच दर्यावर्दीने पाठवलेल्या मोहिमेतल्या बारे नावाच्या मोजणीदाराला किनाऱ्यावर एक नारळ सापडला आणि मग आत रानात त्याची झाडेच झाडे दिसली. ‘ला दिग’ आणि ‘क्युरियूज’ ही त्या मोहिमेच्या जहाजांची नावे आज शेजारच्या दोन बेटांना आहेत. दुसऱ्याच वर्षी द्युशमँ हा कप्तान जहाजभर नारळ घेऊन भारतात आला आणि शतकानुशतके राजेरजवाड्यांनी जपलेल्या वस्तूचा भाव कोसळला.

मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोठी गंमत वाटते ती झाडाच्या स्वभावाची. साधा नारळ समुद्र ओलांडण्यासाठीच घडल्यासारखा असतो. त्याचे सोडण हलके असते आणि महिनोन्महिने तरंगूनही तो किनाऱ्यावर रुजू शकतो. दर्याई नारळाचे नेमके उलट आहे. वनस्पतिसृष्टीतले हे सर्वांत मोठे बी. त्याचे वजन २५ किलोंपर्यंत भरू शकते आणि ताजे फळ पाण्यात पडले की तळाला जाते. आतला गर कुजून करवंटी पोकळ झाली, तरच ती वर येते आणि मोसमी वाऱ्यांबरोबर दिशा बदलणाऱ्या हिंदी महासागराच्या प्रवाहांवर पूर्वेकडे वाहत जाते. म्हणजे मालदीवला लागलेला प्रत्येक नारळ मेलेलाच होता. तो कोठेही रुजला नाही, त्यामुळे झाड कोणाला दिसले नाही. आणि तळातून वर येणारे फळ काही खलाशांनी खरोखरच पाहिले असेल, तर ‘समुद्राच्या तळाचे झाड’ ही त्यांची साक्ष खोटी म्हणता येत नाही.

हे झाड नावाने नारळ असले, तरी जातकुळीने ताडाच्या जवळचे आहे. पाने ताडासारखी पंख्याच्या आकाराची असतात आणि कोवळ्या फळाचा गर ताडगोळ्यासारखाच थलथलीत असतो. नर आणि मादी झाडे वेगळी असतात. फळ पिकायला सहा-सात वर्षे लागतात आणि रोप नर की मादी, हे फूल येईपर्यंत, म्हणजे कित्येक दशके, कळत नाही. रुजण्याची रीत पाहण्यासारखी आहे. जमिनीवर पडलेल्या बीच्या खाचेतून आधी दोरासारखा जाड देठ निघतो, तो मातीतून काही मीटर दूर सरकतो आणि तेथे पहिले मूळ व पान धरतो. तोवर आणि त्यानंतरही बराच काळ पोषण त्या देठातून मागच्या बीकडूनच येत राहते. आईच्या दाट सावलीपासून बीला दूर नेणारा ना वारा, ना पक्षी, ना समुद्र. जे काही अंतर मिळते ते या देठाचे. उलट आईचा पायथाही फायद्याचा असतो, कारण घड्या पडलेली अवाढव्य पाने पावसाचे पाणी, धूळ, पराग आणि पाखरांची विष्ठा पन्हळीप्रमाणे बुंध्याकडे उतरवतात आणि तेथली माती आजूबाजूपेक्षा कसदार राहते.

ओर्ताने नोंदवलेली बुडालेल्या भूमीची हकीकतही, जागा बदलली तर, अगदी पोकळ ठरत नाही. प्रालँ आणि त्याच्या शेजारची बेटे ग्रॅनाइटची आहेत, म्हणजे ती महासागरातून उसळलेली ज्वालामुखी बेटे नसून जुन्या खंडाचा तुकडा आहेत. हा तुकडा भारतापासून सुटला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनच्या लाव्ह्याच्या उद्रेकांच्या आसपासच्या काळात. केरळातल्या पश्चिम घाटात सापडलेल्या आणि २००३ मध्ये शास्त्रीय वर्णन झालेल्या जांभळ्या बेडकाचे सर्वांत जवळचे नातेवाईक आजही सेशेल्समध्येच आहेत. शिवाय शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी खाली होती, तेव्हा ही ग्रॅनाइटची बेटे एकाच मोठ्या भूमीची शिखरे होती. ती भूमी पुढे खरोखरच पाण्याखाली गेली.

नैसर्गिक स्थितीत हे झाड आज केवळ प्रालँ आणि क्युरियूज या दोन बेटांवर उरले आहे. जनरल चार्ल्स गॉर्डन हा ब्रिटिश सेनाधिकारी १८८१ मध्ये प्रालँला गेला आणि ही बायबलमधली ईडन बाग असून हेच ज्ञानाचे झाड आहे, अशी त्याची खात्री झाली; एक दंतकथा मोडली की दुसरी तिची जागा घेते ती अशी. प्रालँवरची व्हॅली द मे ही अवघ्या १९.५ हेक्टरांची दरी १९८३ पासून जागतिक वारसा स्थळ आहे, तरी गरासाठी फळांची चोरी होते. एके काळी फळाचे मूल्य झाड दिसत नव्हते म्हणून होते. आता झाडे कोठे आहेत हे प्रत्येकाला ठाऊक आहे आणि धोका नेमका त्यातूनच येतो. पर्यटकाला पोकळ करवंटी सरकारी परवान्यासह विकत घेता येते.

भारतात हे झाड पाहायचे म्हटले, की शिवपूरच्या, म्हणजे कोलकात्याजवळच्या, वनस्पती उद्यानाचेच नाव निघे. तेथे १८९४ मध्ये लावलेले झाड मादी निघाले आणि आसपास नर नसल्याने त्याला फळ धरेना. अखेर श्रीलंकेहून आणि नंतर थायलंडहून पराग आणून ते माणसांनी हाताने फुलांवर टाकले, तेव्हा कोठे त्याला फळ धरले.