पीएचडीला विषय नंतर, आधी गाइड बघा

पीएचडी करतोयस म्हटलं की लोक विषय विचारतात, गाइड कोण हे फक्त त्यातून गेलेलेच विचारतात. आमच्याकडे दापोलीत कृषी विद्यापीठ, रत्नागिरीत शिरगावला मत्स्य कॉलेज, वेंगुर्ल्यात आंबा-काजूचं संशोधन, त्यामुळे रिसर्चवाली पोरं ओळखीत बरीच, आणि पुढे प्राध्यापक व्हायचं का हे ती गाइडकडे बघूनच ठरवतात असं माझं तरी मत झालंय.

दरडावणारा गाइड सगळ्यांना दिसतो, सहीसाठी दाराबाहेर ताटकळत ठेवणारा वगैरे. मला त्याहून वाईट वाटतो तो गायब गाइड. १९३९ मध्ये मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १० वर्षांच्या मुलांच्या क्लबांवर एक प्रयोग केलेला. दरडावणाऱ्या म्होरक्याची पोरं तो समोर असेपर्यंत राबायची, सगळ्यांना विचारून चालणाऱ्याची तो बाहेर गेला तरी करत राहायची, आणि कशातच लक्ष न घालणाऱ्याकडे कामच सगळ्यात कमी. आता ती पोरं मुखवटे बनवत होती, थिसिस नव्हे, पण ओळखीचं वाटतं ना?

माझी एक मैत्रीण खाडीतल्या कालवांवर, म्हणजे खायच्या शिंपल्यांवर, काम करायची, ओहोटी बघून भल्या पहाटे चिखलात उतरायची, आणि गाइडकडे चॅप्टर महिनोन् महिने न वाचता पडलेले. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमात पीएचडीला किमान ३ नि कमाल ६ वर्षं, मुदतवाढ वेगळी, पण असे महिने त्यातूनच जातात. ती आता बँकेच्या परीक्षा देते, कालवांचं नाव काढलं तरी चिडते.

दुसरीचे सर एकदम उलटे, कॉन्फरन्सला स्वतः न बोलता हिला उभं करायचे, पेपरात हिचं नाव पहिलं. असे सर मिळाले की पोरांना त्यांच्यासारखंच व्हायचं असतं आणि खरी गोची तिथेच, कारण कायम जागा निघत नाहीत, मग सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस) तासाच्या पैशात शिकवत वर्षं काढायची. या सरांनी हे तिला पहिल्या वर्षीच सांगितलं, वर कोळंबीची पिल्लं तयार करणाऱ्या हॅचरीवाल्यांशी ओळखी करून दिल्या. ती आता तिकडेच जायचं म्हणते, आणि खूश आहे.

म्हणून रजिस्ट्रेशनआधी त्या गाइडची जुनी पोरं कुठे आहेत ते शोधा, आणि मधेच सोडून गेलेल्या कुणाचा नंबर मिळाला तर पहिला फोन त्याला करा.