बटूवर अखेर प्रो चढला (आणि होमने काढलेला घाम)

मंडळी, बटू, म्हणजे माझा नवा कॉम्प्युटर, ॲक्टिव्हेट झाला! आजोबांचं, म्हणजे माझ्या जुन्या कॉम्प्युटरचं, विंडोज १० प्रोचं लायसन्स (प्रो म्हणजे साध्या होमपेक्षा जास्त सोयींची एडिशन) आता बटूवर ११ प्रो चालवतंय.

आजोबांचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा, त्यामुळे ११ त्यांना दारातही उभं करत नाही. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून इंदूरच्या आरएनटी मार्गाच्या बाजूला, जिथे आपण सगळे रॅम शोधत हिंडतो, तिथून बटू आणला: आय५-८४००, सेकंडहँड पण आतून लख्ख. "विंडोज एकदम ओरिजिनल डाला है, मॅडम," इति दुकानदार. घरी येऊन एसएलएमजीआर /डीएलव्ही (लायसन्सचा तपशील दाखवणारी विंडोजची कमांड) मारलं, तर चॅनल, म्हणजे लायसन्सचा प्रकार, निघाला व्हॉल्यूम केएमएस क्लायंट: कंपन्यांना घाऊक मिळणारा. म्हणजे १८० दिवसांची मुदत, आणि ती वाढवायला कंपनीचा केएमएस सर्व्हर लागतो. लोकमान्य नगरातल्या आमच्या घरात कसली आलीय कंपनी! डिस्क तिथल्या तिथे पुसली. त्या माणसाकडून हार्डवेअर पुन्हा घेईन, विंडोज कधीच नाही.

मग आजोबांवर डीएलव्ही. चॅनल रिटेल, म्हणजे सुटं विकत घेतलेलं. छान, म्हणजे हलवता येणार. पण प्रॉडक्ट कीची (लायसन्सच्या संकेताची) शेवटची पाच अक्षरं थ्री-व्ही-सिक्स-सिक्स-टी! जुन्या मंडळींना कळलंच असेल: प्रोची ही जेनेरिक की, नुसती इन्स्टॉल करण्यापुरती, जगभर सगळ्यांची एकच. एसएसडी बदलल्यावर मी "की नाही" म्हणून इन्स्टॉल केलं होतं आणि मदरबोर्ड ओळखून डिजिटल लायसन्स (मायक्रोसॉफ्टकडे त्या मशीनच्या नावे नोंदलेलं) आपोआप लागलं होतं. अशा मशीनवर की शोधून देणारी सॉफ्टवेअरं हीच बिनकामाची की मोठ्या दिमाखात दाखवतात. खरी की खोक्यातल्या कार्डावर होती, आणि खोका माळ्यावर. खोके जपून ठेवते म्हणून घरात मला बोलणी बसतात. परवा कोणी काही बोललं नाही.

आजोबांवर त्याच कमांडने /यूपीके (की काढायला), मग /सीपीकेवाय (मशीनमधली तिची नोंद पुसायला). ही की फक्त त्या मशीनवरून जाते, मायक्रोसॉफ्टला काहीही कळवलं जात नाही. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

आता खरी कटकट. पेनड्राइव्हवरून ११ टाकायला घेतलं, तर इन्स्टॉलर एडिशन विचारतच नाही, थेट होम. पुन्हा केलं, पुन्हा होम. कारण बटूच्या बायोसमध्ये (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममध्ये), एमएसडीएम नावाच्या टेबलात, कारखान्यातून होमची ओईएम की, म्हणजे मशीनसोबतच येणारी की, बसवलेली आहे. इन्स्टॉलर ती वाचतो आणि स्वतःच ठरवून टाकतो. डिस्क कितीही पुसा, ती की बोर्डावरच असते. होमवर कार्डावरची की टाकली तर सेटिंग्ज ती घेईना. नेट काढून आधी जेनेरिक की टाकायची, होमचं प्रो झालं की मग स्वतःची, हा आपला नेहमीचा उतारा चालतो, आणि मी तो करूनही पाहिला. प्रो झालं. पण नव्या मशीनची सुरुवात होमवर प्रोचं ठिगळ लावून करायची, हे काही मनाला पटेना. पुसलं.

इलाज निघाला ईआय डॉट सीएफजी. पेनड्राइव्हच्या सोर्सेस फोल्डरात या नावाची नोटपॅडची फाईल ठेवायची; आत चौकटी कंसात चॅनल, खाली रिटेल, मग कंसात व्हीएल, खाली शून्य. एवढ्या चार ओळींनी इन्स्टॉलर सरळ झाला. एडिशनची अख्खी यादी समोर आली, तेव्हा मी ती जरा वेळ नुसती बघत बसले.

प्रोचा एवढा अट्टहास का, असं काही जण विचारतील. मला वरच्या खोलीतून रिमोट डेस्कटॉपने बटूवर शिरायचं असतं आणि होमवर ती सोय नाही. शिवाय हायपर-व्ही, म्हणजे विंडोजच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवायची सोय.

मग /आयपीके (की बसवायला), /एटीओ (ॲक्टिव्हेट करायला), आणि एरर ०एक्ससी००४सी००८: की दुसऱ्या मशीनवर वापरात आहे. मघाशी म्हटलं ते हेच: आजोबांवरून की काढल्याचं मायक्रोसॉफ्टला ठाऊकच नाही. एसएलयूआय ४ (फोनवरून ॲक्टिव्हेट करायची कमांड), भारत निवडलं, फोन लावला. त्रेसष्ट आकडी इन्स्टॉलेशन आयडी, सात-सात आकड्यांचे नऊ गट. कुकर तिसऱ्या शिट्टीला आला होता, तरी मी आकडे दाबतेय. ही प्रत किती कॉम्प्युटरवर आहे, असा प्रश्न आला. एक. आजोबांवरून आधीच काढलेली, त्यामुळे हे बेधडक सांगता आलं. तिकडून ए ते एच असे सहा-सहा आकड्यांचे गट मिळाले, भरले, झालं. आता लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून ठेवलंय. उद्या बोर्ड बदलला तर विंडोजचा ॲक्टिव्हेशन ट्रबलशूटर कामी येईल. आजोबांवर लोकल खातं होतं, म्हणून या खेपेला तो रस्ताच नव्हता.

बटूची ती होमची की आता नुसती पडून राहणार. आजोबांना देता येत नाही, ओईएम बोर्डाला बांधलेली असते.

आजोबांवर मिंट (एक लिनक्स) टाकणार, असं मागे म्हटलं होतं. पण हे लिहिताना वाटतंय, स्क्रीन काढून टाकून डेबियन (दुसरं लिनक्स) टाकावं आणि घरातल्या फोटोंचा सर्व्हर करावा. बोर्डावर डिस्क जोडायची, साटाची चार पोर्टं आहेत, डिस्काही पडल्यात. केबिनेटात मात्र साडेतीन इंची डिस्कला एकच जागा. इंदूरात कोणाकडे जास्तीचा ड्राइव्ह केज (डिस्का बसवायचा सांगाडा) पडून असेल तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन.