'तीनशेसातवाला' म्हणजे कोण?

"मुलाला स्वतःची काही किंमतच वाटत नाही, म्हणून तो असा वागतो का हो? त्याचा आत्मविश्वास वाढवला तर सुधारेल का?" निरीक्षणगृहात, म्हणजे लोकांच्या भाषेत रिमांड होममध्ये, समुपदेशनाचे काम करू लागल्यापासून हा प्रश्न मला आयांनी विचारला, शिक्षकांनी विचारला आणि एकदा लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनीही विचारला. माझे उत्तर असे, की मुलाला स्वतःबद्दल आज काय वाटते एवढेच पाहून काही कळत नाही. दोन वर्षांपूर्वी काय वाटत होते आणि मधल्या काळात त्याला कोण भेटले, हेही पाहावे लागते.

एक सोळा वर्षांचा मुलगा पहिल्याच दिवशी माझ्यासमोर खुर्ची ओढून ऐसपैस बसला. नाव विचारल्यावर म्हणाला, "तीनशेसातवाला." खुनाच्या प्रयत्नाचे ते कलम. (नव्या न्याय संहितेत ते 2024 पासून 109 झाले आहे, पण मुलांच्या तोंडी जुनाच आकडा आहे, 109 ला अजून वजन आलेले नाही.) स्वप्रतिमा, म्हणजे माणसाला स्वतःची किती किंमत वाटते ते, मोजण्यासाठी समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी 1965 मध्ये मांडलेली दहा विधानांची प्रश्नावली मी त्याच्याकडून भरून घेतली, तर गुण चांगले भरघोस आले. त्याच मुलाबद्दल त्याची आई सांगत होती, की आठवीत असताना घरी पाहुणे आले की तो पोटमाळ्यावर जाऊन बसायचा आणि ते गेल्याशिवाय खाली उतरायचा नाही. तेव्हा हीच प्रश्नावली दिली असती, तर काय आले असते हे सांगायला नको.

हॉवर्ड कॅपलन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1975 मध्ये हेच कोडे मांडले होते. घरी आणि शाळेत सतत कमी लेखला गेलेला मुलगा स्वतःला हीन समजू लागतो. ते असह्य झाले की जिथे मोजमापच वेगळे आहे अशा टोळक्याकडे तो वळतो आणि तिथे त्याची मान वर होते. म्हणजे खालावलेली स्वप्रतिमा त्याला गैरवर्तनाकडे ढकलते आणि तेच गैरवर्तन ती पुन्हा उचलून धरते. हे दोन्ही ओढे एकमेकांविरुद्ध असल्याने एकदाच केलेल्या पाहणीत फारसे काही दिसत नाही. तीच मुले वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा तपासावी लागतात. रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये तशा माहितीवरून दोन्ही दिशांचे परिणाम दाखवले. पुढे 1998 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरातील मुलांच्या अभ्यासातून मात्र वेगळे निघाले: स्वप्रतिमा कमी असल्यामुळे मुले गुन्ह्याकडे वळतात असे आढळले नाही, परंतु गुन्हे करणाऱ्या मित्रांच्या संगतीने ती उंचावते, असे दिसले. माझा अनुभव या दुसऱ्या निष्कर्षाच्या जवळ जातो. मुलाला कोयत्यापेक्षा "भाई" अशी हाक जास्त हवी असते.

आपला 2015 चा बाल न्याय कायदा मुलावर शिक्का बसेल असे शब्द वापरू नयेत, असे सांगतो. म्हणून कागदोपत्री तो 'विधिसंघर्षग्रस्त बालक', म्हणजे कायद्याशी संघर्षात आलेला मुलगा, असतो. वस्तीत परतला की शाळेच्या लेखी 'रिमांडचा पोरगा' हा डाग ठरतो आणि कट्ट्यावर तीच पदवी ठरते. मग तो कुठे जाऊन बसेल?

सुरुवातीच्या वर्षांत मी आत्मविश्वासाच्या कार्यशाळा घेतल्या. मुले ओळीत उभी राहून "मी चांगला आहे" असे एका सुरात म्हणत आणि लगेच बाहेरच्या व्हरांड्यात कलमांनुसार आपापली पायरी ठरवत. ती माझीच चूक होती. तिथल्या पायरीला स्पर्धा करील अशी दुसरी पायरी मी त्यांना दिलीच नव्हती.

त्या मुलाला आम्ही दुरुस्तीला येणाऱ्या वायरमनबरोबर काम करायला दिले. महिन्याभरात तो स्विचबोर्ड उघडून सैल झालेली तार शोधू लागला. एका संध्याकाळी वरच्या मजल्यावरचा पंखा बंद पडला, तेव्हा पहारेकऱ्याने जिन्यातूनच हाक मारली, "ए वायरमन, जरा वर ये रे!" तो टेस्टर खिशात खोचून, दोन-दोन पायऱ्या चढत गेला. नव्याने दाखल झालेल्या मुलांना मात्र तो पुढचे कित्येक दिवस आपली ओळख कलमानेच करून देत होता.