मांडवांचा सण आणि भुलाबाईचा खाऊ

आमच्या अमळनेरच्या ख्रिस्ती मंडळीत मोजून पाच-सहा घरं, पण नाताळपेक्षा जास्त धमाल मांडवांच्या सणाला, म्हणजे यहुदी लोकांच्या सुक्कोथला, असायची. हे बाकीच्या ख्रिस्ती नातेवाईकांना सांगितलं की ते अजूनही माझ्याकडे असे बघतात जसं काही मी धर्म बदललाय. तसं काही नाही बरं का, येशूलाच मानतो आम्ही, फक्त पप्पांचं म्हणणं असं की बायबलमध्ये योहान 7 ला येशू स्वतः मांडवांच्या सणाला यरुशलेमला गेला होता, मग आपल्याला काय होतंय?

शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, तोही पाळायचो, तो मात्र लहानपणी जड गेला. शुक्रवारी दिवस मावळला की आई गॅस बंद करायची, आणि शनिवारी सकाळची शाळा बुडायची. बाई विचारायच्या, दर शनिवारीच कसं गं दुखतं तुझं पोट? पप्पा म्हणायचे त्यांना सांग, कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले यहुदी, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे, म्हणजे महाराष्ट्राला शब्बाथ काही नवा नाही. आता चौथीतल्या पोरीने हे बाईंना कसं सांगायचं!

वल्हांडण या यहुदी सणाच्या आधी घरातून खमीर काढायचं, म्हणजे पाव, टोस्ट, खारी सगळं बाहेर. कळण्याची भाकर तशीही बेखमीरच, त्यामुळे आम्हाला कसला त्रास? पण बट्टीत सोडा घालतात तो खमीर धरायचा का नाही यावर एकदा दोन काकांचं असं वाजलं की आठवडाभर बोलले नाहीत. शेवटी आईने बिनसोड्याच्या बट्ट्या केल्या, त्या दगडासारख्या झाल्या आणि दोघांनीही गुपचूप खाल्ल्या.

पण खरी मजा मांडवाची. लेवीय 23 मध्ये लिहिलंय की सातव्या महिन्याच्या पंधराव्या दिवसापासून 7 दिवस मांडवात राहायचं, खजुरीच्या झावळ्या आणि ओढ्याकाठचं वाळुंज घेऊन आनंद करायचा. आम्ही शिंदीच्या झावळ्या तोडून आणायचो, केळीची पानं चोपड्याकडून एका काकांच्या टेम्पोतून यायची, आणि वाळुंज कोणालाच ओळखता येईना म्हणून कडुनिंब. छतातून चांदण्या दिसल्या पाहिजेत असं पप्पांचं टुमणं, हे बायबलमध्ये नाही, यहुदी लोकांच्या परंपरेतलं आहे, पण पोरांना फार आवडायचं. 7 दिवस काही कोणी मांडवात झोपायचं नाही, ड्युट्या होत्या, पहिली रात्र आणि मधला शब्बाथ बस. तिसऱ्या दिवशी केळीची पानं पिवळी पडून फाटायची आणि एका वर्षी तर सकाळी उठून बघतो तर शेजारच्या बकरीने अख्खी एक भिंत खाऊन टाकलेली, आणि उरलेल्या पानांत तोंड घालून ती मस्त रवंथ करत बसलेली!

आता गंमत ऐका. यहुदी महिनाही अमावस्येनंतर सुरू होतो, म्हणजे पंधरावा दिवस पुनवेचाच. शेजारच्या जिजींना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आय माय! तुमना बी सण पुनीनाच शे का? मंग हाऊ ते आपलाच सण शे." आणि खरंच, आमचा मांडव आणि गल्लीतली कोजागिरी बऱ्याच वर्षी एकाच रात्री. एखाद्या वर्षी अधिक मासामुळे महिनाभराचा फरक पडतो, 2023 मध्ये पडला होता, आमचा सण भाद्रपदाच्या पुनवेला आणि कोजागिरी 28 ऑक्टोबरला. पण भाद्रपदाच्या पुनवेला तर खानदेशात भुलाबाई, पोरींचा गाण्यांचा आणि खाऊ ओळखण्याचा सण, बसते आणि कोजागिरीला जाते! म्हणजे आमचा मांडव भुलाबाईच्या येण्याला नाहीतर जाण्याला, दोन्हीकडून मी फसलेली. मांडवात प्रार्थना चालू आणि गल्लीत पोरी टाळ्या वाजवत गाणी म्हणतायत, लक्ष कसं लागणार? मी झावळ्यांच्या फटीतून सटकायची, खाऊ ओळखायची, शेंगदाण्याचा लाडू तोंडात कोंबून शेवटच्या आमेनला परत हजर. पप्पांना माहीत होतं असं मला आता वाटतं.

मोठ्या चर्चमधले लोक कलस्सै 2:16 दाखवायचे, सण, अमावास्या, शब्बाथ यावरून कोणी तुम्हाला दोषी ठरवू नये, म्हणून पाळू नका. पप्पा तेच वचन दाखवून म्हणायचे, बघा, दोषी ठरवू नका म्हणलंय ना! मला विचाराल तर दुसऱ्याच्या घरचा सण उचलताना थोडं जपून वागावं, तो यहुदी लोकांनी फार सोसून टिकवलाय. पण मांडवातल्या त्या झोपेवर मी वाद घालणार नाही.

2025 ला 6 ऑक्टोबरला दोन्ही पुन्हा एका रात्री आले. मी पुण्यात, बाल्कनीत मसाला दूध घेऊन बसलेली, आईला फोन लावला. विचारलं, मांडव झाला? म्हणाली, झाला गं, केळीची पानं पण मस्त हिरवीगार मिळाली. म्हटलं, आणि बकरी?

"अजून नाही आली. सकाळी येईल."